रफ: पहारा चोख, पण आखूड कोडवर जीव

सवलतीचा दर ठरवणारी ही ओळ पाहा. कीवर्ड मराठीत लिहिले आहेत, रचना पायथनचीच आहे:

दर = २० जर सदस्य नाहीतर (१० जर रक्कम > ५०० नाहीतर (५ जर कूपन नाहीतर ०))

आणि हेच काम सुटं करून लिहिलेलं:

जर सदस्य: परत दे २०
जर रक्कम > ५००: परत दे १०
जर कूपन: परत दे ५
परत दे ०

दुसरा तुकडा वरून खाली एकदा वाचला की कळतो. पहिल्यात कंस मोजावे लागतात आणि उद्या चौथी अट घालायची झाली तर ती नेमकी कुठल्या कंसात घालायची, यावर थांबावं लागतं. आता दोन्ही तुकडे वेगवेगळ्या फंक्शनांत ठेवून रफ या लिंटरकडून (कोड न चालवता त्यातले दोष दाखवणाऱ्या साधनाकडून) गुंतागुंत मोजून घ्या. कंसांच्या चळतीला १ गुण मिळतो आणि सुटसुटीत तुकड्याला ४. या मापात गुण जितके जास्त तितका कोड वाईट, म्हणजे हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच प्रकार झाला.

असं का होतं हे कळल्याशिवाय रफ वापरण्यात अर्थ नाही, आणि कळल्यावर तो न वापरणं परवडत नाही. परीक्षण ०.१२ मालिकेचं आहे आणि तपासलं आहे ते एकाच अंगाने: सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला वाचता येईल, बदलता येईल असा कोड लिहून घ्यायला हे साधन किती कामाचं?

थोडक्यात ओळख. रफ हा पायथनसाठीचा लिंटर आणि फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी लावणाराही. तो लिहिला आहे रस्टमध्ये. चार्ली मार्श यांनी २०२२मध्ये तो बाहेर आणला आणि पुढे अ‍ॅस्ट्रल या कंपनीने वाढवला. परवाना एमआयटी, म्हणजे फुकट. पिपने बसतो आणि चालायला दुसरं कोणतंही पॅकेज मागत नाही. फ्लेक८, त्याचे डझनावारी प्लगइन, आयसॉर्ट, ब्लॅक आणि पायलिंटचा बराचसा भाग यांचं काम तो एकटा करतो. नियम आठशेहून अधिक आहेत. आधीच्या साधनांपेक्षा दहा ते शंभर पट वेग हा बनवणाऱ्यांचा दावा. मोठ्या प्रकल्पातही उत्तर इतक्या लवकर येतं की दर सेव्हला तो चालवता येतो. या वेगाचा सुटसुटीतपणाशी थेट संबंध आहे. तक्रार कोड लिहितानाच आली तर माणूस फंक्शन तिथेच फोडतो. तीच तक्रार वीस मिनिटांनी बिल्ड सर्व्हरवरून आली तर गप्प करण्याची पळवाट शोधतो.

मूळ निवड: थोडी, पण नेमकी

काहीही न सांगता रफ चेक चालवलं तर नियमांचे फक्त चार गट चालू असतात: ई४, ई७, ई९ आणि एफ. यातला ई७ हा गट कोंबलेल्या कोडच्या मुळावरच येतो. ई७०१ अट आणि तिचं काम एकाच ओळीत लिहिलं तर पकडतो (वरचा दुसरा तुकडा फक्त जागा वाचवायला तसा लिहिला आहे), ई७०२ अर्धविरामाने जोडलेली दोन वाक्यं पकडतो. ई७३१ लॅम्डाला, म्हणजे एकोळी बिननावाच्या फंक्शनला, नाव देऊन ठेवण्याला हरकत घेतो. त्याचं कारण दिसण्यापुरतं नाही. असा लॅम्डा फुटला की ट्रेसबॅकमध्ये (चूक झाल्यावर पायथन दाखवतो त्या मागात) फंक्शनच्या नावाच्या जागी नुसतं ‘लॅम्डा’ येतं, आणि फाइलमध्ये असे पाच असतील तर कोणता ते ओळ क्रमांकावरून शोधत बसावं लागतं. ई७४१ एकअक्षरी नावांपैकी फक्त तीनच नाकारतो: लहान एल, मोठा ओ आणि मोठा आय, कारण ती १ आणि ०सारखी दिसतात. बाकी क्यू, डी, टीटी, एक्सएक्स वाटेल ते चालतं.

एफ गटात न वापरलेले इम्पोर्ट, न वापरलेली व्हेरिएबल, नसलेली नावं हे सगळं येतं. याबद्दल तक्रार करायला जागा नाही.

मूळ निवडीतला खड्डा म्हणजे ई७१२. ‘स्तंभ == ट्रू’ अशी तुलना दिसली की तो ‘ट्रूशी तुलना कशाला’ म्हणतो. साध्या कोडमध्ये ते बरोबर आहे. पांडाज (तक्त्यांतल्या डेटाची लायब्ररी) किंवा एसक्यूएलअल्केमीत (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) मात्र दुहेरी बरोबरचं चिन्ह स्वतःचं वेगळं काम करतं: पांडाजमध्ये ते सगळ्या रांगांची तुलना करून नवी मालिका देतं, एसक्यूएलअल्केमीत क्वेरीचा तुकडा तयार करतं. तिथे ‘इज ट्रू’ लिहिलं की क्वेरी मुकाट्याने चुकते. म्हणूनच या दुरुस्तीला रफने असुरक्षित ठरवलं आहे. ती आपोआप व्हायची तर अनसेफ-फिक्सेस हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. डेटाबेसच्या फाइलींवर तो देऊ नका.

मोजमाप का फसतं

आता सुरुवातीच्या १ आणि ४कडे. सी९०१ हा नियम थॉमस मॅकेब यांनी १९७६मध्ये मांडलेली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी मोजतो. फंक्शनची सुरुवात १ने होते आणि प्रत्येक इफ, एलिफ, फॉर, व्हाइल, एक्सेप्ट, मॅचमधली केस यांना एकेक गुण चढत जातो. मर्यादा १० आहे. हा नियम मूळ निवडीत नाही, तो मागून घ्यावा लागतो.

मेख इथे आहे: रफ हे गुण फक्त वाक्यांना लावतो, पदावलीच्या (एक्स्प्रेशनच्या) आत डोकावत नाही. एका ओळीतली टर्नरी (सुरुवातीच्या उदाहरणातली ‘हे जर अट नाहीतर ते’ ही रचना), कॉम्प्रिहेन्शनमधला (एका ओळीत लूप चालवून यादी बनवणाऱ्या रचनेतला) इफ, अँड-ऑरची साखळी यांना शून्य गुण. म्हणून १४ गुणांचं फंक्शन घेऊन त्यातले सहा इफ टर्नरीत कोंबले की ते ८वर येतं आणि लिंटर खूश होतो. वाचणाऱ्याचं ओझं मात्र वाढलेलं असतं. पीएलआर०९१२ हा फांद्या मोजणारा नियम (मर्यादा १२) नेमका असाच फसतो.

याला जोड म्हणून पीएलआर०९११ पाहा. एका फंक्शनमध्ये सहापेक्षा जास्त रिटर्न नकोत असं तो म्हणतो. सवलतीच्या उदाहरणात आणखी तीन अटी आल्या की सुटसुटीत रूपात सात रिटर्न होतात आणि तक्रार येते. एका ओळीच्या रूपात रिटर्न एकच, त्यामुळे तक्रार नाही. अशा वेळी टर्नरीकडे वळू नये. अटी सगळ्या एकाच प्रकारच्या असतील, जसं रकमेचे टप्पे, तर त्यांचा तक्ता करावा: वरची मर्यादा आणि दर यांच्या जोड्यांची यादी आणि तिच्यावर एक लूप. नवा टप्पा आला की यादीत एक ओळ वाढते, तर्काला हात लागत नाही. अटी वेगवेगळ्या जातकुळीच्या असतील तर तक्ता ओढूनताणून करू नये. तिथे पीएलआर०९११ची मर्यादा ८ किंवा १०पर्यंत वाढवणं हा सरळ उपाय. वरपासून खालपर्यंत एकेक अट निकालात काढत जाणारे आठ रिटर्न कुणालाही जड जात नाहीत. जड जातात ते चार पातळ्या आत दडलेले दोन.

सोनारक्यूब हे कोड तपासणारं दुसरं साधन वापरणाऱ्यांना इथे फरक दिसेल. तिथली कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी टर्नरीलाही मोजते आणि आत आत जाणाऱ्या प्रत्येक पातळीला जास्तीचा गुण लावते. तिच्या हिशेबात वरच्या एकोळी तुकड्याला १ अधिक २ अधिक ३ असे ६ गुण पडतात आणि चार ओळींच्या तुकड्याला ३. वाचकाच्या अनुभवाशी जुळणारा निकाल हाच आहे. रफमध्ये हे माप नाही, आणि या परीक्षणात त्याचे सर्वांत जास्त गुण इथेच कापले आहेत. काही जवळचे नियम आहेत: पीएलआर०९१६ (एका अटीत पाचपेक्षा जास्त बूलियन तुकडे) आणि पीएलआर१७०२ (पाचपेक्षा जास्त पातळ्यांचे ठोकळे). दोन्ही प्रीव्ह्यूत आहेत, म्हणजे कॉन्फिगरेशनमध्ये प्रीव्ह्यू चालू केल्याशिवाय ते चालत नाहीत. टर्नरीत टर्नरी घालायला बंदी करणारा नियम, जसा ईएसलिंटमध्ये जावास्क्रिप्टसाठी आहे, तसा सी, पीएलआर आणि सिम या गटांत नाही. ते काम रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांनाच करावं लागतं.

टर्नरीच्या चळतीचा त्रास नुसता वाचताना होत नाही. ब्रेकपॉइंट ओळीवर लागतो, फांदीवर नाही. कव्हरेज डॉट पाय (चाचण्यांत कोडचा किती भाग चालला ते सांगणारं साधन) ओळींवरून आणि ओळींमधल्या उड्यांवरून मोजतं, त्यामुळे एका ओळीतल्या चार फांद्यांपैकी एकच चाचणीत आली तरी ती ओळ पूर्ण हिरवी दिसते. ब्रँच मोड लावला तरीही. ट्रेसबॅकची अडचण पायथन ३.११पासून कमी झाली, कारण ओळीतला नेमका भाग अधोरेखित होऊन येतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत नुसती ओळ मिळते. आणि एक आकडा बदलला तरी डिफमध्ये सगळी ओळ बदललेली दिसते. दोघांनी दोन वेगळे दर बदलले तर मर्ज अडलंच.

आखूडपणाकडे ढकलणारे नियम

सिम या गटाचं नाव ‘सोपं करा’ असं सांगतं. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: कचरा काढणं आणि ओळी वाचवणं. पहिलीसाठी गट घ्यावा, दुसरीसाठी त्यातले काही नियम नावाने बंद करावेत.

सिम१०८ चार ओळींच्या इफ-एल्सला टर्नरी करायला सांगतो. अट एवढीच की ती ओळीच्या मर्यादेत बसली पाहिजे. बसते म्हणून करायची, हे कारण पुरेसं नाही. दोन्ही बाजूंना साधा आकडा किंवा नाव असेल तर टर्नरी छान. एका बाजूला तीन पॅरामीटरचा फंक्शन कॉल असेल तर चार ओळीच बऱ्या. हा फरक नियमाला कळत नाही, म्हणून बंद.

सिम१०२ एकात एक असलेले दोन इफ अँडने जोडायला सांगतो. बहुतेक वेळा योग्य. पण बाहेरच्या इफवर एक कारण आणि आतल्यावर दुसरं कारण अशी शेरेबाजी केलेली असेल तर जोडल्यावर दोन्ही शेरे एका ढिगात पडतात. हा चालू ठेवायला हरकत नाही, मात्र दुरुस्ती हाताने करावी.

आरईटी५०४ची गोष्ट जरा वेगळी. रिटर्नच्या आधी निकालाला नाव दिलं आणि लगेच तेच नाव परत केलं तर हा नियम म्हणतो, नाव कशाला, थेट परत करा. ‘निकाल’ किंवा ‘रिझल्ट’ असल्या नावांपुरतं त्याचं म्हणणं पटतं. पण एखाद्या लांब हिशेबाला ‘मुदतीचे_उरलेले_दिवस’ असं नाव दिलं असेल तर ते नाव म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं स्पष्टीकरण असतं आणि ब्रेकपॉइंट लावायची जागाही तीच. नाव काढून त्याजागी कॉमेंट लिहिण्याची पाळी येते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. हा नियम बंद ठेवावा. त्याच गटातला आरईटी५०५ मात्र चालू असावा: रिटर्ननंतरचा एल्स काढला की सगळा कोड एक पातळी डावीकडे सरकतो.

पीईआरएफ४०१ लूप आणि अपेंडच्या जागी लिस्ट कॉम्प्रिहेन्शन सुचवतो. एक लूप आणि एक अट इथपर्यंत कॉम्प्रिहेन्शन वाचायला सोपं. दुसरं फॉर किंवा दुसरी अट आली की लूपकडे परतावं. जो कोड प्रोफायलरमध्ये वर आलेला नाही, त्यासाठी वेगाच्या नावाने आलेली सूचना ऐकायची गरज नाही.

कचरा काढणारे नियम बिनधास्त घ्या: सिम११८ (डिक्शनरीत किल्ली शोधताना कीज मागू नका), सी४ गटातले लिस्टभोवती लिस्ट करणाऱ्यांना पकडणारे नियम, पीएलआर१७१४ (एकाच नावाची पाच वेळा तुलना करण्याऐवजी इन वापरा). यांत ओळ आखूडही होते आणि अर्थही आधीपेक्षा उघड होतो. असे योग रोज येत नाहीत.

लपलेल्या चुका

आखूड लिहिण्याच्या नादात शिरणाऱ्या चुकांसाठी बी गट हवाच. बी००६ पॅरामीटरची मूळ किंमत म्हणून दिलेली रिकामी यादी पकडतो. ती यादी फंक्शन घडताना एकदाच बनते आणि सगळ्या कॉलमध्ये तीच वापरली जाते. बी०२३ लूपमध्ये बनवलेल्या लॅम्डाला पकडतो, कारण सगळे लॅम्डा शेवटी लूपची शेवटचीच किंमत पाहतात. बी९०५ झिपला (याद्या जोडीजोडीने फिरवणाऱ्या फंक्शनला) स्ट्रिक्ट द्यायला सांगतो. दोन याद्या कमीजास्त लांबीच्या असतील तर साधा झिप लांब यादीची शेपटी न सांगता कापतो. सावध राहण्याची जागा पुढे आहे: या नियमाची आपोआप दुरुस्ती स्ट्रिक्ट बरोबर फॉल्स असं लिहिते, म्हणजे वागणं जसंच्या तसं ठेवते. तक्रार गेली, चूक तिथेच. याद्या सारख्याच लांबीच्या असायला हव्यात अशी खात्री असेल तिथे हाताने ट्रू लिहावं.

आरयूएफ०२१ अँड आणि ऑर एकाच अटीत आले की कंस मागतो. अँड आधी बांधला जातो हे सगळ्यांना पाठ असतं आणि रात्री अकरा वाजता कुणालाच आठवत नाही. हा नियम घ्याच.

एक सापळा मात्र यातला कोणताच नियम पकडत नाही: ‘संख्या = दिलेली ऑर १०’. दिलेली किंमत नसेल तर १० घ्या, असं लिहिणाऱ्याच्या मनात असतं. पण कुणी मुद्दाम ० दिलं तरी १०च होतात, कारण ०, रिकामी यादी आणि रिकामी अक्षरमाळा (स्ट्रिंग) हे सगळं खोट्यात जमा होतं. ‘जर दिलेली इज नन’ अशी पूर्ण अट लिहिणं हाच उपाय. एक ओळ वाढते, वाढू द्यावी. पायथन २.५च्या आधी टर्नरी नव्हती तेव्हा अँड-ऑर जोडून तीच करामत करत आणि मधली किंमत ० आली की ती याच कारणाने फसत असे. पुढे टर्नरी आली, ही खोड मात्र ऑरच्या रूपाने टिकून राहिली.

संख्या मोजणारे बाकीचे नियम

पीएलआर०९१३ पाचपेक्षा जास्त पॅरामीटर असले की बोलतो. हेतू चांगला. पण दुहेरी तारांकित क्वार्ग्ज (कोणत्याही नावाचे पॅरामीटर स्वीकारणारी सोय) तो मोजत नाही, म्हणून आठ पॅरामीटर क्वार्ग्जमध्ये गुंडाळले की शांतता. कोड आधीपेक्षा वाईट झालेला असतो, कारण आता कोणती नावं चालतात तेच कळत नाही. एकत्र फिरणाऱ्या पॅरामीटरांचा डेटाक्लास करणं ही खरी दुरुस्ती. शिवाय हा नियम नावाने द्यावे लागणारे पॅरामीटरही मोजतो, जे कॉलच्या जागी स्वतःच बोलत असतात. फक्त जागेवरून ओळखायचे पॅरामीटर मोजणारा पीएलआर०९१७ जास्त शहाणा आहे, पण तोही प्रीव्ह्यूत. तोवर एफबीटी००३ची मदत घ्या: ‘पाठव(पत्र, ट्रू, फॉल्स)’ असा कॉल तो अडवतो आणि ‘तातडी=ट्रू’ असं नावासकट लिहायला भाग पाडतो.

पीएलआर०९१५ची मर्यादा ५० वाक्यं. ओलांडली की फंक्शन फोडावं, पण ते अर्थाच्या सांध्यावर. ‘भाग_१’ आणि ‘भाग_२’ अशी नावं पडली की समजावं, मोजपट्टी लावून कापलं आहे. नव्या तुकड्याला एका क्रियापदात नाव देता येत नसेल तर तो तुकडा तिथे तुटत नाही.

पीएलआर२००४ कोडमध्ये थेट लिहिलेल्या आकड्यांवर बोलतो. दोन गोष्टी ठाऊक हव्यात. तो फक्त तुलनेतले आकडे पाहतो, गुणाकारातला ८६४०० त्याच्या समोरून निघून जातो. आणि ०, १ तसंच अक्षरमाळा त्याने मुळातच माफ केल्या आहेत. यावरचा सर्वांत पोकळ उपाय म्हणजे ‘सात = ७’ असं स्थिरांक करणं. नाव ‘आठवड्याचे_दिवस’ किंवा ‘कमाल_प्रयत्न’ असं हवं, म्हणजे दोन ठिकाणचे दोन सात वेगळे कळतात. चाचण्यांच्या फोल्डरसाठी हा नियम पर-फाइल-इग्नोअर्समध्ये बंद ठेवा. चाचणीत अपेक्षित उत्तर उघडं दिसणंच चांगलं.

नावांबद्दल रफ जवळजवळ मुका आहे. एन गट लहान-मोठी लिपी आणि अंडरस्कोअर बघतो, तेवढंच. ‘डेटा’, ‘टेम्प’, ‘इन्फो’ ही नावं तपासणीतून सुखरूप जातात. ‘दिवस’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये सेकंद असले तरी जातात. शिवाय रफ एका वेळी एकच फाइल पाहतो आणि प्रकार ताडत नाही, त्यामुळे दुसऱ्या फाइलीतून कुणीच न बोलावलेलं फंक्शन त्याला कळणार नाही. प्रकार तपासायला मायपाय किंवा पायराइट शेजारी हवंच.

फॉरमॅटर

रफ फॉरमॅट ब्लॅकच्या वळणाने चालतो, ओळ ८८ अक्षरांची. वाद संपवायला उत्तम. पण त्याची एक सवय जाणून घ्या: हाताने तीन ओळींत मांडलेलं कॉम्प्रिहेन्शन ८८मध्ये बसत असेल तर तो ते परत एका ओळीत गोळा करतो. यादीत किंवा कॉलमध्ये शेवटी स्वल्पविराम ठेवला की तो मांडणी सोडून देतो. कॉम्प्रिहेन्शनमध्ये असा स्वल्पविराम ठेवायला जागाच नसते. लांब अटींचंही तेच. उपाय फॉरमॅटरशी भांडण्यात नाही, तर अटीचं छोटं फंक्शन करून त्याला नाव देण्यात आहे: ‘पाठवण्यायोग्य(पत्र)’, आणि मग कॉम्प्रिहेन्शनमध्ये फक्त तेवढा कॉल.

हाताने रकाने जुळवलेले तक्ते आणि मॅट्रिक्स तो विस्कटतो. त्यांच्या आधी एफएमटी ऑफ आणि नंतर एफएमटी ऑन अशी कॉमेंट घाला. इम्पोर्टांचा क्रम फॉरमॅटर लावत नाही, त्यासाठी चेकमध्ये आय गट निवडून फिक्स चालवावं लागतं. ई५०१ हा लांब ओळींचा नियम चालू करायचा असेल तर हेही लक्षात असू द्या की फॉरमॅटर लांब अक्षरमाळा आणि कॉमेंट तोडत नाही. त्या हातानेच तोडाव्या लागतील.

जुन्या प्रकल्पात बसवताना

आधी रफ चेक स्टॅटिस्टिक्स पर्यायासह चालवा, म्हणजे नियमवार तक्रारींचा आकडा मिळतो. त्यावरून निवड ठरवा. सगळेच नियम चालू करणारा ‘ऑल’ टाळा. नाकापेक्षा मोती जड होतो, शिवाय नवी आवृत्ती आली की न मागितलेले नवे नियमही चालू होतात. सुरुवातीला ई, एफ, बी, सी९०१, सी४, सिम (१०८ वगळून), आरईटी५०५, आरयूएफ०२१, आरयूएफ१०० आणि पीजीएच००४ एवढं पुरे. पीएलआर महिन्याभराने.

मग नुसतं फॉरमॅटिंग एका वेगळ्या कमिटमध्ये करा, त्यात दुसरा एकही बदल नको. त्या कमिटचा हॅश गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ज नावाच्या फाइलीत लिहा आणि गिटच्या ब्लेम (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या) सेटिंगमध्ये ती फाइल दाखवून द्या. गिट २.२३पासून ही सोय आहे. हे विसरलं तर प्रत्येक ओळीचा लेखक म्हणून फॉरमॅट चालवणाऱ्याचंच नाव दिसत राहतं, आणि ओळ का लिहिली हे शोधायची वाट बंद होते.

त्यानंतर सुरक्षित दुरुस्त्या, आधी डिफ पर्यायाने पाहून. उरलेल्या तक्रारींवर अ‍ॅड-नोक्यूए चालवलं की प्रत्येक दोषी ओळीवर नियमाच्या क्रमांकासह सूट लिहिली जाते. जुनं कर्ज गोठतं आणि नवा कोड पहिल्या दिवसापासून नियमात येतो. क्रमांक नसलेलं मोकळं नोक्यूए ओळीवरच्या सगळ्याच तक्रारी गिळतं. पीजीएच००४ ते अडवतो आणि आरयूएफ१०० गरज संपलेल्या सवलती शोधून देतो. नव्याने सूट घ्यायची असेल तर वरच्या ओळीत कारण लिहिण्याचा नियम टीमने करावा. लिंटर तो पाळून घेऊ शकत नाही.

प्री-कमिटमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत) लावताना चेक आणि फिक्स आधी, फॉरमॅट नंतर. उलट केलं तर दुरुस्तीने हललेल्या ओळी बिनफॉरमॅटच्या कमिट होतात. आवृत्ती नेमकी बांधून ठेवा. रफ अजून शून्याच्या मालिकेत आहे आणि मधला आकडा बदलला की नियमांचं वागणं बदलू शकतं. रिक्वायर्ड-व्हर्जन हे सेटिंग पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये असलं की एकाच्या मशीनवर स्वच्छ आणि बिल्डवर लाल असा प्रकार होत नाही. आवृत्ती चढवण्याचा कमिटही स्वतंत्र ठेवा, आणि त्याआधी नव्या आवृत्तीने स्टॅटिस्टिक्स काढून जुन्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.